टेनिस न खेळणाऱ्यांचं टेनिस एल्बो

तर झालं असं, की एका सकाळी चहाचा कप उचलायला गेलो आणि उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला अशी काही कळ आली की कप तसाच ओट्यावर ठेवून दिला. आधी वाटलं, रात्री हातावर झोपलो असेन. मग दाराची कडी सरकवताना दुखलं, दुधाची पिशवी उचलताना दुखलं, गाडीचा ॲक्सिलरेटर पिळताना तर डोळ्यांत पाणी आलं. चार दिवस अंगावर काढून शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कोपराच्या हाडावर अंगठा दाबला, मी ओरडलो, आणि त्यांनी अगदी सहज विचारलं, "टेनिस खेळता का?"

आता मी टेनिसची रॅकेट आयुष्यात एकदाच हातात घेतली आहे, ती पण दुकानात, किंमत बघून परत ठेवण्यापुरती. मी खेळतो कीबोर्ड आणि माऊसशी, दिवसाचे नऊ-दहा तास. घरी आल्यावर आईला सांगितलं, टेनिस एल्बो झालंय. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "म्हणजे सचिनला झालं होतं ते?"

बरोबर आहे. आपल्याकडे हा शब्द टेनिसमुळे आलेलाच नाही, तो सचिनमुळे आला. ऑगस्ट २००४ मधे आपला संघ हॉलंडला तिरंगी स्पर्धा खेळायला गेला होता (हो, हॉलंडला! भारत, पाकिस्तान, ऑस्ट्रेलिया आणि भरपूर पाऊस). तिथे सचिनचं डावं कोपर गेलं. मग इंग्लंडमधले एकदिवसीय सामने गेले, चॅम्पियन्स ट्रॉफी गेली, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या बंगलोर आणि चेन्नईच्या कसोट्या गेल्या. मी तेव्हा पाचवीत होतो. पेपरात रोज कोपराची बातमी, आणि आमच्या गल्लीत प्रत्येक पोराचं कोपर दुखायला लागलेलं. शून्यावर आऊट झालं की, "माझं टेनिस एल्बो आहे रे!" क्रिकेट खेळणाऱ्या माणसाला टेनिसचा आजार कसा काय होतो, हा प्रश्न तेव्हा कोणालाच पडला नाही. मला तो वीस वर्षांनी पडला, स्वतःचं कोपर धरून बसल्यावर. मग दोन-तीन शनिवार-रविवार डाव्या हाताने माऊस चालवत शोधाशोध केली. जे सापडलं ते इथे मांडतो आहे.

पहिली गंमत म्हणजे हा आजार टेनिसपेक्षा जुना आहे.

वैद्यकीय वाङ्मयात ह्या दुखण्याचं पहिलं वर्णन सहसा रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरच्या नावावर मांडतात, १८७३ सालचं. आणि त्याच्या लेखाचा विषय काय होता? लेखकांच्या हाताला येणारा पेटका! म्हणजे पेन धरून लिहिणाऱ्यांचा हात. आता दुसरी तारीख बघा. मेजर वॉल्टर विंगफील्ड ह्या इंग्रज लष्करी गृहस्थांनी लॉन टेनिसचं पेटंट घेतलं ते फेब्रुवारी १८७४ मधे. जाळी, खांब, रॅकेट आणि चेंडू अशी अख्खी पेटीच ते विकायचे, आणि खेळाला त्यांनी 'स्फेरिस्टिके' असं जीभ वळणार नाही असं ग्रीक नावही दिलं होतं. ते नाव टिकलं नाही, खेळ मात्र इंग्लंडभर पसरला. १८७७ मधे विम्बल्डनला पहिली स्पर्धा झाली, तीसुद्धा मुळात क्रोके खेळणाऱ्यांच्या क्लबात.

थोडक्यात, रोग आला १८७३ मधे आणि खेळ आला १८७४ मधे. आमच्या भाषेत सांगायचं तर बग आधी रिपोर्ट झाला आणि ज्या सॉफ्टवेअरच्या नावावर तो टाकला गेला ते नंतर रिलीज झालं. :)

मग टेनिसचं नाव चिकटलं कसं? १८८२ मधे मॉरिस नावाच्या डॉक्टरने 'लॅन्सेट'मधे घोडेस्वारांच्या दुखापतीबद्दल लिहिताना 'लॉन टेनिस आर्म'चा उल्लेख केला, आणि १८८३ मधे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधे मेजर नावाच्या लेखकाने 'लॉन टेनिस एल्बो' असा शब्दच वापरला. त्या काळात लॉन टेनिस म्हणजे ज्यांच्या घरापुढे हिरवळ आहे अशांचा नवाकोरा षौक. ही माणसं डॉक्टरकडे जाऊ शकत होती, डॉक्टर त्यांच्याबरोबर खेळत होते. कचेरीत दिवसभर पेन घासणाऱ्या कारकुनाचं कोपर काय आणि भिंती रंगवणाऱ्याचं काय, ते ह्याच्या आधीही दुखत असणारच. पण नाव मिळालं ते हिरवळीवरच्या कोपराला.

ह्याहूनही मागे जायचं तर १७०० साली इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी ह्या वैद्याने कामगारांच्या आजारांवर एक पुस्तक लिहिलं. १७१३ च्या वाढवलेल्या आवृत्तीत त्याने लेखनिकांवर स्वतंत्र प्रकरण घातलं. सतत बसून राहणं, हाताची एकसारखी तीच ती हालचाल आणि हिशेब चुकू नये म्हणून डोक्याला लागलेला ताण, ही कारणं त्याने तेव्हाच नोंदवली होती. (ही यादी आमच्या ऑफिसच्या भिंतीवर लावली तर कुणाला तीनशे वर्षं जुनी वाटणार नाही.) रामाझ्झिनीचं दुसरं मोठं काम म्हणजे त्याने वैद्यांना एक प्रश्न दिला. रोग्याला काय होतंय, कधीपासून होतंय हे तर विचाराच, पण आणखी एक विचारा: तुम्ही काम काय करता? हा प्रश्न लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता कोपराच्या आत काय होतं ते थोडक्यात. मनगट वर उचलणारे स्नायू हाताच्या मागच्या बाजूने जातात आणि कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या टोकाला बांधलेले असतात. बांधणारी दोरी म्हणजे टेंडन. त्यातलं एक टेंडन बहुतेक वेळा गुन्हेगार निघतं, त्याचं लांबलचक नाव आहे एक्स्टेन्सर कार्पी रेडिॲलिस ब्रेविस. आपण एखादी गोष्ट घट्ट पकडतो तेव्हा मनगट खाली लटकू नये म्हणून हे स्नायू ते धरून ठेवतात. म्हणून तर दुखतं कोपर, पण त्रास होतो कप उचलताना. रॅकेट असो, बॅट असो, पाना असो, ब्रश असो, टेंडनला काही फरक पडत नाही. सचिन उजव्या हाताने खेळणारा, म्हणजे बॅटच्या दांड्यावर वरचा हात डावा, आणि बॅट तीन पौंडांहून जड. माऊसवर तर वजन काहीच नाही, पण मनगट उचलून धरलेलं असतं तासन्‌तास.

उपचारांचा इतिहास वाचताना मात्र हसावं की रडावं कळत नाही. रुंगेने दुखऱ्या जागेवरची कातडी चक्क डागली होती. आपल्याकडे पूर्वी डागणी देत तोच प्रकार, आणि सुश्रुतसंहितेत अग्निकर्मावर अख्खा अध्याय आहेच, म्हणजे जर्मनांनाच हसायला नको. पुढे १९२८ मधे मिल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने मनगट दुमडून, हात आत वळवून कोपर एका झटक्यात सरळ करायची पद्धत सांगितली. १९३६ मधे लंडनच्या जेम्स सिरियाक्सने ह्या विषयावर सविस्तर लेख लिहिला. आणि मग आलं कॉर्टिझोन. अमेरिकेत फिलिप हेंच आणि मंडळींनी १९४८-४९ मधे ते संधिवाताच्या रुग्णांना दिलं, अंथरुणाला खिळलेली माणसं चालायला लागली, आणि १९५० मधे त्यांना नोबेल मिळालं. मग काय, जिथे दुखेल तिथे सुई. कोपर त्यातून कसं सुटणार?

ह्या सगळ्यामागचं गृहीतक एकच होतं, की तिथे दाह आहे. म्हणून आजाराच्या नावातसुद्धा 'आयटिस' आहे, एपिकॉन्डिलायटिस. दाह आहे तर तो शमवा आणि हाताला विश्रांती द्या. तर्क अगदी सरळ होता, फक्त पाया चुकीचा निघाला. १९७९ मधे अमेरिकेतल्या रॉबर्ट नर्शल आणि फ्रँक पेट्रोन ह्यांनी आपल्या रुग्णांचा हिशेब मांडला. १२१३ रुग्णांपैकी ऑपरेशन करायला लागलं ते ८२ जणांच्या ८८ कोपरांवर, म्हणजे शंभरात साधारण सात. त्यांनी काढलेला टेंडनचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर दाहाच्या पेशी जवळपास नव्हत्याच. होते ते विस्कटलेले तंतू, आणि चुकीच्या पद्धतीने उगवलेल्या बारीक रक्तवाहिन्या. म्हणजे आग लागलेली नव्हती, दोरीचा पीळ सुटला होता आणि तो पुन्हा नीट वळला जात नव्हता. आग नसलेल्या ठिकाणी शंभर वर्षं लोक पाणी ओतत होते.

इथे माझी गोष्ट सांगतो. पहिले तीन आठवडे पट्टा, गोळ्या आणि बर्फ झाल्यावर डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन घेऊन टाका. घेतलं. तिसऱ्या दिवशी कोपर इतकं गुण्यागोविंदाने वागायला लागलं की मला वाटलं, उगाच घाबरलो. महिनाभर राजासारखा राहिलो, बॅडमिंटनसुद्धा खेळून आलो. सहाव्या आठवड्यात दुखणं परत आलं, आणि येताना भावंडांना घेऊन आलं. आता तर टूथब्रश धरवेना.

नंतर कळलं की हे असं होतं हे लोकांनी मोजून ठेवलेलं आहे. २००२ मधे हॉलंडमधे (पुन्हा हॉलंड!) १८५ रुग्णांवर केलेला अभ्यास 'लॅन्सेट'मधे आला. सहा आठवड्यांनी बरं वाटणारे किती? इंजेक्शनवाले ९२ टक्के, फिजिओथेरपीवाले ४७, आणि नुसते वाट बघणारे ३२. बघितलंत? कोणीही इंजेक्शनच घेईल. पण वर्षाने चित्र उलटं झालं: इंजेक्शनवाले ६९, फिजिओथेरपीवाले ९१, आणि काहीही न करणारे ८३! २००६ मधे ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमधे १९८ जणांवर असाच अभ्यास झाला, तिथे इंजेक्शनने बरे झालेल्यांपैकी ७२ टक्के लोकांचं दुखणं परत आलं. मी त्या ७२ मधला. डॉक्टरांना दोष देत नाही. सहा आठवड्यांनी हसत येणारा पेशंट त्यांना दिसतो, वर्षाने दुसऱ्याच डॉक्टरकडे गेलेला दिसत नाही.

इंजेक्शन फसल्यावर मी दुसरी चूक केली, विश्रांती. पण विश्रांती म्हणजे काय, तर सगळंच बंद. जिम बंद, बॅडमिंटन बंद, सकाळचं धावणं पण बंद, जणू काही मी कोपरावर धावत होतो! चार महिन्यांत सहा किलो वाढलो. जिना चढताना धाप लागायला लागली, रात्री झोप लागेना, चिडचिड वाढली. कोपर होतं तिथेच होतं. शेवटी एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हाताला आराम नकोय, काम हवंय. पण मापात."

ह्या 'मापात काम'वाल्या कल्पनेचाही इतिहास मजेदार आहे. स्वीडनमधे हाकान आल्फ्रेडसन नावाचे हाडांचे डॉक्टर होते, स्वतः धावणारे, आणि त्यांचं टाचेच्या मागचं टेंडन दुखत होतं. असं सांगतात, की त्यांनी आपल्या वरिष्ठांकडे ऑपरेशन मागितलं आणि वरिष्ठ नाही म्हणाले. तेव्हा वैतागून, एकदाचं ते तुटू दे म्हणजे ऑपरेशन करावंच लागेल, ह्या इराद्याने त्यांनी टाचेवर मुद्दाम भार द्यायला सुरुवात केली. टेंडन तुटायच्या ऐवजी बरं झालं! १९९८ मधे त्यांनी पंधरा धावपटूंवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. टाच सावकाश खाली सोडायची, दिवसाला १८० वेळा, बारा आठवडे. पंधराच्या पंधरा जण परत धावायला लागले. हीच कल्पना पुढे कोपरापर्यंत आली. २०१० मधे न्यू यॉर्कच्या टिमथी टायलर आणि सहकाऱ्यांनी एक रबरी दांडा पिळून तो दुखऱ्या हाताने सावकाश सोडायचा व्यायाम कोपरावर तपासून पाहिला, आणि नेहमीच्या फिजिओथेरपीत त्याची भर घातल्यावर चांगला फरक दिसला. टेंडनला भार लागतो, भार मिळाला की ते तंतू पुन्हा नीट लावून घेतं. फक्त अचानक, जास्त आणि झटक्याने नको.

उरलेल्या शरीराचं काय? तर त्यावरही १८९४ सालचा एक प्रयोग आहे. येल विद्यापीठातल्या एडवर्ड स्क्रिप्चर ह्यांच्या प्रयोगशाळेत एका बाईंनी काही दिवस फक्त उजव्या हाताने पकडीचा व्यायाम केला. मोजलं तर डाव्या हाताची ताकदसुद्धा वाढलेली! व्यायाम नुसता स्नायूला होत नाही, मेंदूलाही होतो, आणि मेंदू दोन्ही हातांचा एकच. हे वाचल्यावर मला फार बरं वाटलं. मॅडमनी माझं वेळापत्रक असं बसवून दिलं: रोज चाळीस मिनिटं भरभर चालणं, पुढे धावणं, आठवड्यातून तीनदा पायांचे आणि पोटाचे व्यायाम, ज्यात मुठीत काही धरायचं नाही, डाव्या हाताने डंबेल, आणि उजव्या हाताला आधी नुसतं मनगट दाबून धरणं, मग अर्धा किलोचं वजन सावकाश खाली सोडणं. दुखणं दहापैकी तीन-चारपर्यंत चालेल, दुसऱ्या दिवशी वाढलेलं नसलं पाहिजे, एवढा एकच नियम. (प्रत्येकाचं कोपर वेगळं, तेव्हा हे माझ्यावरून उतरवून घेऊ नका, जाणकाराला दाखवा.) माऊस डावीकडे गेला. पहिल्या आठवड्यात मी चुकीच्या माणसाला दोनदा मेल पाठवली, पण सवय झाली.

तीन महिन्यांनी चहाचा कप न घाबरता उचलला. सहा किलोतले पाच गेले. कोपर अजून शंभर टक्के नाही, पण आता ते मला घाबरवत नाही.

सचिनकडे परत येतो. त्या मोसमात तो तशाच कोपराने खेळला. डिसेंबर २००४ मधे ढाक्याला नाबाद २४८, त्याची कसोटीतली सर्वोच्च धावसंख्या आणि गावसकरांच्या बरोबरीचं चौतिसावं शतक. मार्च २००५ मधे कोलकात्याला कसोटीतल्या दहा हजार धावा. आणि मे २००५ मधे लंडनला अँड्र्यू वॉलेस ह्यांच्याकडे ऑपरेशन. शंभरातल्या त्या सात जणांमधे तो होता. नंतर त्यानेच सांगितलंय, की छोट्या अर्जुनची प्लास्टिकची बॅटसुद्धा उचलवत नव्हती. सरावाला गेला तेव्हा त्याने पूर्ण ताकदीने मारलेले फटके दहा-बारा वर्षांची पोरं जवळ उभी राहून आरामात अडवत होती. आपलं संपलं, असं वाटलं होतं म्हणे त्याला. ऑक्टोबर २००५ मधे नागपूरला तो परत आला आणि श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा केल्या. डिसेंबरमधे दिल्लीला पस्तिसावं शतक. त्याच्या ५१ कसोटी शतकांपैकी १७ त्या ऑपरेशननंतरची आहेत. पेपरात आपण शतकं वाचली, पण प्लास्टिकच्या बॅटपासून त्या ९३ धावांपर्यंतचे जे महिने गेले, त्यात काय केलं असेल ते मला आता थोडंफार समजतं.

हे सगळं मी एका रविवारी आईला उत्साहाने सांगत होतो, रामाझ्झिनी, रुंगे, स्वीडन वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला पण हेच झालं होतं. तू पाचवीत होतास तेव्हा. दीड वर्ष होतं." मी गप्प. तेव्हा घरात वॉशिंग मशीन नव्हतं. पाच माणसांचं धुणं ती हाताने पिळायची, बादल्या उचलायची, दोन वेळा कणीक मळायची. डॉक्टरांना दाखवलं नाहीस का, असं विचारलं. "दाखवलं ना. त्यांनी विचारलं, नोकरी करता का? मी म्हटलं, नाही, घरीच असते. मग म्हणाले, आराम करा, मलम लावा."

तीनशे वर्षांपूर्वी रामाझ्झिनीने वैद्यांना शिकवलेला प्रश्न तिला विचारला गेला होता, पण अर्धाच. नोकरी करता का, असं विचारलं. काम काय करता, असं कोणी विचारलं नाही. आणि तिचं उत्तर ऐकून घरात मलाही कधी काही वाटलं नाही. मी तेव्हा गल्लीत खोटं खोटं कोपर धरून टेनिस एल्बो, टेनिस एल्बो करत होतो, आणि खरं टेनिस एल्बो मोरीत बसून माझे गणवेष पिळत होतं.

आता आमच्या घरी तो रबरी दांडा एकच आहे आणि त्याला दोन मालक आहेत. सकाळी मी, दुपारी आई. ती म्हणते, चादर पिळण्यापेक्षा हे सोपं आहे.